समोरच्या खाणावळीत कडूबा

सोजराबाईंची खाणावळ पोळीची होती, आणि गल्लीत नव्यानं आलेल्या माणसाला ही गोष्ट पाणी मागायच्या आधी कळत असे. खामगावात कापसाच्या बाजारामागची ती अरुंद गल्ली. एका टोकाला जिनिंगची भिंत, दुसऱ्या टोकाला ऑइल मिलचा वास, आणि मधोमध सोजराबाईंचा ओटा. ओट्यावर बसूनच त्या सांगायच्या, "आपल्या इथं भाकर नाई भेटत, बाप्पा. भाकर तुमची माय घरी करतेच. शयरात आले त पोळी खा."

महाराष्ट्र होऊन पाच-सहा वर्षं झाली होती तेव्हा. खेड्यापाड्यांतली पोरं कॉलेजसाठी खामगावात यायची, कोणी जिनिंगमध्ये, कोणी आडतीवर, कोणी एसटीत चिकटायचा. ह्या सगळ्यांच्या घरी पोळी व्हायची ती सणाला नाहीतर पाहुण्याला. रोज पोळी मिळते एवढ्यावर ते सोजराबाईंच्या पाटावर येऊन बसत आणि गावी गेले की पारावर सांगत. सोजराबाईंनी ही नस बरोबर धरली होती. नवरा वारल्यावर अमडापूरला भावजयीच्या हाताखाली आणखी राहण्यापेक्षा त्यांनी इथं भाड्याच्या दोन खोल्या धरल्या आणि बरीच वर्षं सगळा संसार पोळीवर उभा ठेवला.

पण गहू महागला. रेशनवर परदेशातला तांबूस गहू यायला लागला. त्याची पोळी तव्यावरून ताटात येईपर्यंत जोड्याच्या तळव्यासारखी होई. पोळी तर सोडायची नाही, आणि दर वाढवला तर माणसं पळतील. मग सोजराबाईंनी काटकसर कालवणात केली. वरण असं झालं की वाटीचा तळ दिसावा. भाजी म्हणजे बटाटा, तोही रस्स्यात हात घालून शोधावा लागे. वर मात्र तिखटाची लालभडक तर्री. तर्रीनं डोळ्यांत पाणी येतं, त्यामुळे खाली काय नाही ते दिसत नाही.

शिवाय खाड्याचा नियम. खाणावळीत मेंबर जेवला नाही, तर त्या दिवसाचे पैसे कापून मिळतात. त्याला खाडा म्हणतात. सोजराबाईंकडे खाडा मिळायचा तो सलग तीन दिवसांचा, आणि तोही आदल्या दिवशी सांगितलं तरच. आता उद्या आपलं पोट बिघडणार आहे हे आदल्या दिवशी कोणाला माहीत असतं? तर्री बाधून कोणी दिवसभर खोलीत पडून राहिला, की त्याच्या वाट्याच्या पोळ्या वाचत. मी आडतीवर दिवाणजी होतो. घट आणि तूट कुठून भरून निघते हे पाहण्यातच माझा दिवस जायचा. मला हे लवकर दिसलं, की ही खाणावळ अर्धी पोळीवर चालते आणि अर्धी आमच्या अजीर्णावर. सोजराबाईंना स्वतःला ते उमगलं होतं असं नाही. महिनाअखेर कसंबसं जुळतं, एवढं त्यांना ठाऊक.

दिवाळी झाली, बाजारात कापसाच्या गाड्या लागल्या, आणि समोरच्या रिकाम्या घरात केसरबाई आली. मोताळ्याकडची. तिचा नवरा शेषराव जिनिंगवर रात्रीचा चौकीदार. बाई अंगानं बारीक, बोलायला त्याहून बारीक. तिनं पाटी लावली नाही की ओट्यावर बसून हाका मारल्या नाहीत. चार हमालांना सांगितलं, ज्वारीची भाकर, एक पालेभाजी, घट्ट वरण नाहीतर मटकीची उसळ, जवसाची चटणी आणि ताक. पोटभर. दर सोजराबाईंपेक्षा थोडा कमी.

सोजराबाई पदर तोंडाला लावून हसल्या. "भाकर अन् पाला? बाईनं काय ढोराची खाणावळ काढली काय वो?"

आम्ही पण हसलो. हसण्याला पैसे पडत नाहीत.

पहिला माणूस गेला तो पंजाबराव. तो एसटीत कंडक्टर, बुलढाण्याच्या गाडीवर. घाट लागला की त्याची छाती जळायला लागायची, आणि उतारूंना सुटे पैसे देताना तो ढेकर द्यायचा. एक दिवस तो ओट्याशी उभा राहून म्हणाला, "मावशी, डाक्टरनं तिखट बंद केलं. आठ दिवस समोर जेवतो, मंग येतोच."

"जाय, जाय. पाला खाऊन पाह्य. चौथ्या दिवशी धावत येशीन."

पंजाबराव आला नाही. आला नाही त्याचं एवढं दुःख नव्हतं. तो रोज जेवून सोजराबाईंच्या ओट्यावरून जायचा, आणि जाताना नमस्कार करायचा, ते त्यांना सोसेना. महिनाभरात त्याचा चेहरा बदलला. डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली, गालावर तुकतुकी आली, ढेकर बंद झाले.

माणसं दुसऱ्याच्या दागिन्यांवर जळतात, वाड्यावर जळतात, बैलजोडीवर जळतात. सोजराबाई पंजाबरावाच्या गालांवर जळायला लागल्या.

"दिवाणजी," एकदा मला वाढताना त्या म्हणाल्या, "हे गाल माह्या पोळीचे होते हो. माह्या पोळीवर वाढलं हे शरीर."

"तुमच्या पोळीवर तर ते आत गेले होते, बाई."

त्यांनी माझ्या वाटीत तर्रीची आणखी एक पळी ओतली. हे उत्तर होतं.

त्यानंतर त्यांचं सारं लक्ष समोर. केसरबाईच्या दारातून कोण आत गेला, कोण बाहेर आला, बाहेर येताना पोटावरून हात फिरवला की नाही, सगळं टिपायच्या. स्वतःची पोळी करपली तरी चालेल. "हिले पुरते कसं?" हा एकच प्रश्न. दर कमी, ताटात चार पदार्थ, वर ताक. आणि भाजीवाल्याकडे ही बाई कधी दिसत नाही. सकाळी रिकामी टोपली घेऊन जाते आणि हिरवीगार भरून आणते.

"चोरी," सोजराबाईंनी निकाल दिला.

टोपली कुठून भरते ते त्यांनी पाळतीवर राहून शोधून काढलं. शेगावच्या रस्त्याला अर्जुनरावांचं शेत. हरभरा ऐन वाढीत, आणि केसरबाई त्यात वाकून शेंडे खुडत होती. सोजराबाई धुऱ्याच्या बांधावरून तडक अर्जुनरावांच्या झोपडीकडं गेल्या.

"अर्जुनराव, झोपले काय तुमी? तुमच्या हरबऱ्यात बाई शिरून राह्यली."

अर्जुनराव चिलमीतून हसले. "शिरून नाई राह्यली. मीच बलावतो. शेंडा खुडला का हरबरा बाजूनं फुटते, घाटे जास्त लागतात. मजूर लावला असता त मजुरी द्या लागली असती. ते बाई खुडते अन् भाजी नेते. माहं काम होते, तिचं ताट भरते."

"फुकट?"

"फुकट कशी? खुडून देते ना. अन् हात कसा हलका! एक फांदी मोडत नाई." हे वाक्य अर्जुनराव बोलले नसते तर बरं झालं असतं.

मग ताक. ते गल्लीच्या टोकाला म्हैस पाळणाऱ्या गोजरबाईकडून येत होतं. केसरबाई रोजचं खरकटं आणि ज्वारीचा कोंडा म्हशीला नेऊन देई, आणि बदल्यात घागरभर ताक घेई. सोजराबाई कंबरेवर हात ठेवून गोजरबाईच्या दारात उभ्या राहिल्या.

"इतके वर्सं माहं खरकटं गटारात जाऊन राह्यलं गोजर, अन् तू बोलली नाई?"

"तुमी इचारलं नाई, बाई."

खरकटं थोडं नव्हतं, हे मी सांगू शकतो. त्या पोळ्यांचे काठ आम्हीच टाकत होतो.

चोर सापडला असता तर सोजराबाई शांत झाल्या असत्या. पण चोरी नव्हती, वशिला नव्हता, कोणा शेटाची मेहरबानी नव्हती. नुसती एक बाई होती जी जागच्या जागी शहाणपणानं वागत होती, आणि ह्याला औषध नसतं. दुसऱ्याचं पाप दिसलं की माणसाला धीर येतो. केसरबाईचं पाप काही केल्या दिसेना. सोजराबाईंची झोप उडाली, पोळीत मीठ पडायचं राहू लागलं, आणि आणखी दोन मेंबर रस्ता ओलांडून गेले.

तेव्हा त्यांना कडूबा सुचला.

कडूबा हमाल. कापसाची गाठ पाठीवर घेऊन फळीवरून चढायचा तेव्हा फळी कण्हायची. सोजराबाईंकडे तो पहिल्यापासूनचा. त्यांना मावशी म्हणायचा, विहिरीवरून पाणी भरून द्यायचा, लाकडं फोडायचा. त्याचं जेवण ही आमच्या पंगतीची करमणूक होती. हिंमतराव नावाचा कॉलेजातला एक पोरगा त्याच्या पोळ्या मोठ्यानं मोजायचा, आणि वीस झाल्या की आम्ही सगळे थांबून पाहायचो. खाणावळ पोटभर असल्यामुळे कडूबाचा दरही आमच्याइतकाच. माझ्या हिशेबी हा माणूस म्हणजे सोजराबाईंच्या खाणावळीला पडलेलं सगळ्यात मोठं भोक.

ते भोक त्यांनी समोरच्या घराला पाडायचं ठरवलं.

"कडूबा," दुपारी पंगत उठल्यावर त्या म्हणाल्या, "उद्यापासून तू समोर जेवाचं."

कडूबाचा घास हातातच राहिला. "काऊन, मावशी? माहं काही चुकलं काय?"

"चुकलं नाई. पैसे मी भरते. तू फक्त जेव. लाज नको धरू. पोटभर म्हणते ना ते बाई? मंग भर पोट. महिन्याच्या आत तिचं पीठ सरलं पाह्यजे."

"म्हनजे भांडन हाय काय?"

"भांडन नाई बे. जेवन हाय."

कडूबानं विचार केला. त्याला विचार करायला वेळ लागायचा. "मंग तुमचं पानी कोन भरन?"

"पानी तूच भर. जेवाचं तिथं, पानी इथं."

मी म्हटलं, "बाई, म्हणजे तुमचा पैसा दर महिन्याला तिच्या डब्यात."

"जाऊ द्या दिवाणजी. तिचं पोतं पालथं झालं का हिशेब करू."

पहिल्या दिवशी कडूबा जेवून आला तेव्हा सोजराबाई ओट्याच्या कडेला येऊन बसल्या होत्या.

"किती?"

"सात."

"सात? जाच्या आधी कुठी फराळ करून गेल्ता काय?"

"नाई, मावशी. नवी जागा, बुजलो जरा."

सोजराबाईंनी ते मान्य केलं. बुजणं त्यांना समजत होतं. पण पुढं कडूबा बुजायचा थांबला आणि आकडा आणखी खाली आला.

"पाच? अबे कडूबा, तुले पैसे भरून पाठवलं मी!"

"काय करू, मावशी. भाकर बसते ना पोटात. वर ते अंबाडीची भाजी, ज्वारीच्या कण्या घातलेली. मंग उसळ. मंग ताक. ताक पेलं का मानूस उठतेच."

"उठू नको ना! बसून राह्य!"

"बसलोच व्हतो. तिनं इचारलं, आनखीन वाढू काय? अन् माह्या तोंडातून निंघून गेलं, नको."

कडूबाच्या तोंडून नको हा शब्द गल्लीनं कधी ऐकला नव्हता. सोजराबाई उगाच ओटा झाडायला लागल्या. कडूबाला वाटलं त्यांना वाईट वाटलं असेल, म्हणून त्यानं समजूत घालायला आणखी सांगितलं, "तुमची पोळी खाल्ली का मले घंट्याभरात पुन्हा भूक लागे, मावशी. मी समजो माहं पोटच तसं हाय."

हे तो चांगल्या मनानं बोलला. चांगल्या मनाचा माणूस जितकं लागेल असं बोलतो तितकं वैऱ्याला जमत नाही.

पण खरा घाटा वेगळाच झाला. पैसे भरून कडूबाला पाठवलंय हे सोजराबाई कोणाला सांगू शकत नव्हत्या. गल्लीला दिसलं एवढंच, की सोजराबाईंचा कडूबा, वीस पोळ्यांचा कडूबा, त्यांच्या घरचं पाणी भरणारा कडूबा, तोसुद्धा समोर जेवायला गेला. जिनिंगमध्ये, बाजारात, एसटीच्या स्टँडवर ह्याचीच चर्चा. पंजाबराव तर गाडीत तिकिटं फाडताना सांगायचा. एवढी जाहिरात केसरबाईला पैसे देऊन मिळाली नसती. इथं पैसे सोजराबाईंनी दिले.

हिंमतराव गेला. जाताना म्हणाला, "मावशी, बाबा म्हणतात पोटाला भाकर बरी."

"तुहा बाप त म्हणे, पोराले पोळीच खाऊ घाला, गावात सांगाले बरं पडते."

"आता गावात सगळ्यांनाच माहीत आहे," हिंमतराव म्हणाला आणि चपला घालून रस्ता ओलांडून गेला. त्याच्या पाठोपाठ त्याच्या खोलीतले दोघं.

शेवटी पंगतीत मी राहिलो आणि जिनिंगमधला कापूस तोलणारा एक बहिरा तोलारी. तो का राहिला त्यालाच ठाऊक. मी राहिलो कारण माझे महिन्याचे पैसे आगाऊ भरलेले होते.

बाजाराच्या दिवशी सोजराबाईंचे भाऊ नारायणराव अमडापूरहून आले. पाटांची रिकामी ओळ त्यांनी पाहिली, माझ्याकडं पाहिलं, तोलाऱ्याकडं पाहिलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते मायेनं बोलले.

"कायले जीव काढतं, बाई? पुढच्या बाजाराले गाडी घेऊन येतो. सामान काय, भांडे अन् पाट. जागा सोडून दे. तुही भावजय पण म्हणत होती, चुलीजवळ हक्काचं एक मानूस लागतेच."

सोजराबाई पोळी लाटत होत्या. लाटणं पोळीवरच थांबलं. त्यांनी भावाला नाही म्हटलं नाही. नाही म्हणायला पंगतीत माणसं लागतात. नारायणराव गेल्यावर त्यांनी ती पोळी परत गोळा केली, कणकेत मिसळली, आणि पुन्हा लाटायला घेतली. चुलीजवळचं हक्काचं माणूस म्हणजे काय असतं ते त्यांना बोलून दाखवायची गरज नव्हती. त्यांनी ते दोन वर्षं केलं होतं, ह्या खोल्या धरायच्या आधी.

दोन दिवसांनी संध्याकाळी मी जेवायला आलो तर चूल पेटलेलीच नव्हती. सोजराबाई लुगडं बदलून, पदर खोचून दारात उभ्या.

"चाला, दिवाणजी. साक्षीले चाला."

"कशाच्या?"

"ते बाई अन्नात काहीतरी घालते. कुठला तरी झाडपाला, भूक मारणारा. नाईतर कडूबा चार भाकरीत उठते? तुमीच सांगा, उठते काय?"

माझी भूक मात्र शाबूत होती, आणि जेवण आता समोरच मिळण्याची शक्यता जास्त. मी गेलो.

केसरबाईच्या घरात शिरायला जागा नव्हती. पंगत भिंतीपासून भिंतीपर्यंत, दुसरी पंगत अंगणात खोळंबलेली. पंजाबराव, हिंमतराव, कडूबा, आमचेच सगळे. आम्हाला पाहून घास थांबले. आत एकच चूल, एकच तवा, आणि केसरबाई एकटी भाकरी थापत होती. भाकरी सकाळी करून ठेवता येत नाही, ती तव्यावरून ताटात गेली तरच गोड. इतक्या माणसांच्या भाकरी दोन हातांनी. कपाळावरचा घाम पुसायला तिला हात मोकळा नव्हता, म्हणून ती खांद्यानं पुसत होती.

"काय घालते वो तू ह्याच्यात?" सोजराबाई दारातूनच कडाडल्या.

केसरबाईनं वर पाहिलं. "कशात?"

"भाकरीत. भाजीत. मानसाची भूक मारते ते."

"जेवन घालते, बाई. भुकीवर दुसरं काय असते?"

कोणीतरी हसलं. बहुधा पंजाबराव.

"चाखून पाहा ना," केसरबाई म्हणाली. "तसं उभ्यानं नका जाऊ."

सोजराबाईंनी पातेल्यातून अंबाडी घेतली आणि उभ्या उभ्या तोंडात टाकली. त्यांचा चेहरा मी बघत होतो. पहिल्या घासाला त्या दोष शोधत होत्या. दुसऱ्या घासाला पण शोधत होत्या. अंबाडीची आंबट चव, दाणा दाणा मोकळ्या कण्या, आणि वरून लसणाची फोडणी, तीही एवढ्याशा तेलाची. पण लसूण इतका खरपूस की तेल कमी आहे हे जिभेला सांगावं लागावं. मग त्यांनी उसळ घेतली. मग वरण, ज्यात पळी उभी राहिली. तिसऱ्या वाटीला त्यांनी दोष शोधणं सोडलं, आणि त्यांचं तोंड एवढंसं झालं. मला त्या क्षणी त्यांची दया आली. मनापासून मत्सर करणाऱ्याला समोरच्याची चूक सापडली नाही तर त्याच्या हातात काही राहत नाही.

आणि तेवढ्यात त्यांची नजर तव्यावर गेली.

भाकरी जाड होती. काठ उन्हातल्या रानासारखे भेगाळलेले. केसरबाईचे हात भरून आले होते आणि ती उंड्यावर घाईनं थापा मारत होती. सोजराबाईंचे डोळे चमकले.

"ह्याले भाकर म्हणते तू?" त्यांनी टोपल्यातली एक उचलून सगळ्यांना दाखवली. "हे काठ पाह्य. मधात कच्ची, कडंनं करपलेली. अन् हे लोकं खाऊन राह्यले? माह्या पोळीले नावं ठेवून हे?"

"हात भरून आले, बाई," केसरबाई म्हणाली. "सकाळपासून थापून राह्यली."

"सरक."

"अवो, राहू द्या..."

"सरक म्हटलं ना."

केसरबाई सरकली. सोजराबाई परातीसमोर बसल्या, पाणी किती गरम आहे ते बोट बुडवून पाहिलं, थोडं उकळतं घालून घेतलं, आणि तळहाताच्या टाचेनं पीठ मळायला लागल्या. पोळीची खाणावळ चालवणाऱ्या ह्या बाईनं कितीतरी वर्षांत लोकांदेखत भाकरी केली नव्हती. पण मी तिथं रोज जेवणारा माणूस. आम्हा सगळ्यांना पोळ्या वाढून झाल्यावर त्या स्वतःपुरती काय टाकतात, हे मला परातीला लागलेल्या पांढऱ्या पिठावरून केव्हाच कळलं होतं. गव्हाचं पीठ असं दिसत नाही, ज्वारीचंच दिसतं.

भाकरी त्यांच्या हाताखाली फिरत गेली, फिरता फिरता मोठी होत गेली, आणि तव्यावर पडली ती पुनवेच्या चंद्रासारखी गोल, काठाला एक चीर नाही. निखाऱ्याला लावली तशी टम्म फुगली. त्यांनी ती न बघता मागं टाकली आणि दुसरी घेतली.

पंगतीत कुजबुज सुरू झाली. "ही कोणाची?" हिंमतराव पापुद्रा सोडवत म्हणाला.

"गप जेव," सोजराबाई म्हणाल्या.

पंजाबरावानं आणखी एक मागितली. अंगणातली माणसं आत डोकावायला लागली. कडूबाचं जेवण झालं होतं, हात धुऊन झाला होता. तो परत येऊन पाटावर बसला.

"मावशी, एक वाढता काय?"

एकीच्या तीन झाल्या, तिनाच्या सहा. हिंमतराव सवयीनं मोजायला लागला. सोजराबाई थापत होत्या, कडूबा खात होता, आणि दोघांनाही थांबावंसं वाटत नव्हतं. अख्ख्या महिन्यात पैसे भरून जे झालं नाही ते एका बसणीत झालं. केसरबाईनं पिठाच्या डब्यात हात घातला आणि तळाचा पत्रा खरवडल्याचा आवाज आला.

"पीठ सरलं," ती म्हणाली.

मी तिच्याकडं पाहिलं. इतके दिवस ती बाई कशानंच हलली नव्हती. आता मात्र तिची नजर टोपल्यातल्या शेवटच्या भाकरीवर होती, मग पंगतीतल्या चाटून पुसून साफ केलेल्या ताटांवर, मग सोजराबाईंच्या हातांवर. अंगणातून कोणीतरी म्हणालं, "वहिनी, उद्या पण अशीच भाकर करजा." तिचे ओठ मिटले.

"उद्याच्याले येऊ नका, बाई," ती सोजराबाईंना हळूच म्हणाली.

"काऊन? हात भरून आल्ते ना तुहे?"

"भरू द्या. माह्या मी थापीन."

सोजराबाई उठल्या. हाताचं पीठ त्यांनी पाण्यानं धुतलं नाही, हात तसेच घेऊन बाहेर आल्या. गल्लीच्या मधोमध त्या थांबल्या.

"दिवाणजी, पाह्यलं काय तिचं तोंड?"

"पाह्यलं, बाई."

"जळली ना?"

"जळली."

"पुरी?"

"काठापर्यंत."

"पुन्हा सांगा."

मी पुन्हा सांगितलं. इतकी वर्षं ह्या बाईंना मी जेवताना, हसताना, भांडताना पाहिलं होतं. पण असा निवांत श्वास घेताना पाहिलं नव्हतं. दुसऱ्यावर जळून जळून माणूस थकतो. आपल्यावर कोणी जळतंय हे कळलं की त्याला एकदम बसायला जागा मिळते.

दुसऱ्या सकाळी त्यांनी ज्वारी आणली, निवडली, दळायला टाकली. भाजी मात्र केसरबाईसारखी कुठून खुडून आणायची नाही, हा मान त्यांनी राखला. त्या उठत्या बाजाराला जायच्या, दिवस मावळताना, जेव्हा माळिणी मेथीच्या आणि पालकाच्या जुड्या पाण्याच्या भावानं काढतात. तर्री बंद झाली. म्हणजे रविवारपुरती राहिली, पोळीसोबत. बहिऱ्या तोलाऱ्यानं पहिल्याच दिवशी वरणाला दोनदा हात पुढं केला. तिसऱ्या दिवशी हिंमतराव आला. चौथ्या दिवशी दोन हमाल. कडूबा दुपारी इकडं जेवायचा आणि संध्याकाळी तिकडं, आणि दोन्हीकडं त्याला एकच प्रश्न विचारला जाई, तिथं काय होतं? तो दोन्हीकडं खरं सांगायचा. त्यामुळे दोन्हीकडचं जेवण सुधारत गेलं.

बाजाराच्या दिवशी नारायणराव बैलगाडी घेऊन आले. गाडी रिकामी, भांडी ठेवायला खाली कडब्याच्या पेंढ्या अंथरलेल्या. सोजराबाईंनी हातातली भाकर तव्यावर टाकूनच मान वर केली.

"दादा, गाडी रिकामी कायले आणली? ज्वारी तरी टाकून आणाची होती. पुढच्या खेपेले दोन पोते आण. भाव बाजाराचा देईन, बहीण म्हणून कमी नको करू."

"अन् सामान?"

"सामान इथंच लागते. भावजयीले सांग, चुलीजवळ दुसरं मानूस पाह्य."

नारायणराव पंगतीत जेवले. शेवटचा तुकडा मोडताना म्हणाले, "आयच्या हातची भाकर अशीच होती." सोजराबाईंनी ऐकलं की नाही कोणास ठाऊक. त्या दाराकडं बघत होत्या.

समोर केसरबाई उंबऱ्यावर उभी होती. हातात रिकामं टोपलं, काम काहीच नाही. ती आमच्या दाराबाहेर काढलेल्या वहाणा मोजत होती. ओठ हलत होते म्हणून कळलं.

सोजराबाई उठल्या. आत कोपऱ्यात माझ्या चपला होत्या, आणि नारायणरावांचे जोडे. ते त्यांनी पायानं सरकवत सरकवत उंबऱ्याबाहेर नेले आणि पायरीवर असे मांडले, की समोरून एकही सुटू नये.